सहासष्ट महिने

सकाळी किल्ली फिरवली, तर नुसतं टक्.
पुन्हा फिरवली. टक्.
कुणीतरी बॉनेटखाली बसून चुकचुकावं, तसं.

भावकूच्या रिक्षातून जुनी बॅटरी घेऊन गेलो,
पायाशी, गोणपाटात गुंडाळून,
जत्रेहून कोंबडा न्यावा तशी.
तिसऱ्या गेटाजवळ बसलिंग हंजीचं दुकान.
टर्मिनलवर हिरवट-पांढरा मोहोर आलेला.
त्यानं मीटरच्या दोन सुया टेकवल्या.
"अकरा पॉइंट दोन. मेलीया की हो सर ही."
आणि जरा थांबून,
"चालवून न्हाई. उभ्या उभ्या मेलीया."

उद्यमबागच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं
मी भट्टीला वीज पाजली.
तिथं ॲम्पियर हजारांत मोजायचो.
इथं पस्तीस की पंचेचाळीस, यावर अडलो.
मोठीच द्या, म्हणालो.
"ट्रेमध्ये बसायला नको? मारुती हाय तुमची, टिप्पर न्हवं.
आणि प्लस डाव्या अंगाला पायजे,
न्हाईतर वायर पोचूलाच न्हाई."
इतक्या वर्षांत मी कधी बघितलं नव्हतं
माझ्या गाडीचं प्लस कुठल्या अंगाला आहे.

काउंटरवर दोन ठेवल्या.
एक छत्तीस महिन्यांची, चार हजार दोनशे.
एक सहासष्ट महिन्यांची, पाच हजार सातशे.
जुनीचे सातशे वजा, दोन्हींतही.
बसलिंग फोनवर कुणाशी तरी भांडायला आत गेला
आणि मी हिशोब मांडला, जो त्याला सांगण्यासारखा नव्हता.
लायसन अजून अठ्ठेचाळीस महिने.
मोतीबिंदू एका डोळ्याचा काढलाय, दुसऱ्याची तारीख नाही.
मालन शेजारी बसते ती वरचं हँडल धरून,
आणि गोगटे सर्कल येईपर्यंत बोलत नाही.
मुलगी म्हणते, पप्पा, विकून टाका.
सहासष्ट महिन्यांनी मी शहात्तर पार.
वॉरंटी उरेल, आणि मी गाडीला कव्हर घालून
दर रविवारी त्यावरची धूळ झाडत असेन.

"छत्तीसची द्या," म्हणालो.
"साकु," तोही म्हणाला. पुरे तेवढी.

पण हाताला खोड असते.
कास्टिंग हातात आलं की पहिल्यांदा हीट नंबर बघायचा,
मग बाकी सगळं.
चष्मा वर करून बॅटरी आडवी-तिडवी तपासली.
कडेला बारीक शिक्का.
"बसलिंग, ही नऊ महिन्यांपूर्वीची. तुझ्या रॅकवरच म्हातारी झालीय."
तो पंख्याकडे बघत राहिला.
दुसरीवर गेल्या महिन्याचा शिक्का.
आता मग काय.
पाच हजार मोजले, वर कष्टी चेहरा करून
दोनशे सोडवून घेतले.

कार्ड शिवलीलानं भरलं, त्याच्या पुतणीनं.
"हेसरु?"
यल्लाप्पा सांबरेकर.
"ऊरु?"
अनगोळ.
गोल गोल कानडी अक्षरांत माझं नाव उमटलं.
मी बोट ठेवून सावकाश वाचलं, शाळेतल्यासारखं.
'ळ' तिनं बरोबर घातला होता.

पोरगं स्कूटरवरून माझ्या मागोमाग आलं.
काढताना काळी आधी. लावताना लाल आधी.
टर्मिनलला बोटानं व्हॅसलीन चोळलं,
पट्टी आवळली, बॅटरी हलवून बघितली.
"आता मारा सर."

एका दमात लागली.
मालन पदराला हात पुसत दारात आली,
"कुठं निघालासा?"
कुठंच नव्हतो निघालो.
"चार्ज व्हायला पायजे म्हणतोय तो,
काकतीपर्यंत जाऊन येतो.
येतीस काय?"
तिनं चपला घातल्या. हँडल धरलं.

डॅशबोर्डवरचं घड्याळ
सगळं विसरून बारावर लुकलुकत होतं.
दुपारचे सव्वाचार झाले होते.
आल्यावर लावू, म्हटलं,
आणि गल्लीतून बाहेर पडलो.