बेरंग

मोडीत शब्दांना मध्ये जागा नसते.
बैलबाजारातल्या जनावरांसारखे सगळे
अंगाला अंग लावून उभे.
मी त्यांना एकेक करून सोडवते,
पानामागे साठ रुपये,
धुळ्यात, पांझरेकडच्या खिडकीशी.

हे गाठोडं चर्चच्या पेटीतून आलं.
तेवीस पत्रं, त्यातली बावीस एका हातची:
झिपरू बारी, नाटक मंडळीत स्त्रीपार्टी,
मुक्काम चोपडा, मुक्काम यावल,
मुक्काम बैलगाडी जाईल तिकडे.
लिहितो रेव्हरंड यशया दौलत यांना,
जे कधीकाळी पानमळ्यात सोनजी होते.

मायन्याला साष्टांग दंडवत, विनंती विशेष.
तिसऱ्या ओळीत शाई सैल होते:
"भो, कसा शे तू?"

"सावद्याला द्रौपदी केली. लुगडी पाटलिणीची उसनी,
म्हणून देवाला सांगितलं, जपून पुरव."

"पारोळ्यात मिशी अर्धी निघाली नि वस्तरा मोडला.
पदर ओढून निभावलं."

"तू येशूचा झालास,
मी रोज रात्री दुसऱ्या कुणाची बायको होतो.
गावात दोघांच्याही ताटाशेजारी कोणी बसत नाही.
आपण बसलो असतो."

एकाही पत्राला तिकीट नाही.
बेरंग. घेणाऱ्याने दुप्पट भरायचं, एक आणा.
नवव्या पत्रात त्याचं कारण:
"पैसे नाहीत असं समजू नको.
लोक कनातीखालून शिरून मला फुकट बघतात.
तू तरी मोजून वाच."

रेव्हरंडांची उत्तरं नाहीत.
बैलगाडीत कोण काय जपून ठेवतं.
मिशनची खर्चवही तेवढी आहे, बाळबोध, रेघांवर बसवलेली,
आणि टपालाच्या रकान्यात झिपरू कुठेच नाही.
दोन दिवस शोधला.
मग दिसलं, शिक्क्याची जी तारीख, त्याच तारखेला
"दिव्याचं तेल, एक आणा".
पाळकाने एवढंच खोटं लिहिलं असावं.
असावं म्हणते. बाकीचं मला काय माहीत.

तेविसाव्या पाकिटावर तिकीट आहे.
अर्ध्या आण्याचं, नीट चिकटवलेलं,
राणीचं तोंड सरळ.
पत्ता दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात.
ते उघडलेलंच नाही.
डिंक जसाच्या तसा.

ट्रस्टचे लोक म्हणतात, वाफेवर धरा, सुटेल.
आधण ठेवलंय मी. उकळून उकळून अर्धं झालं.

तोवर वही पुढे चाळते.
त्या तारखेला तेल नाही.
पुढच्या महिन्यात आहे.
त्याच्या पुढच्यातही. पोळ्याच्या सुमारास, नाताळात,
दुष्काळाच्या साली, जिथे ज्वारीचे आकडे
लिहिणाऱ्याच्या हातात थरथरलेत, तिथेही
"दिव्याचं तेल, एक आणा".

त्या आण्यांची पत्रं
मला कुणी आणून दिलेली नाहीत.