झाकण

गाडी गॅरेजात कधीच बंद पडत नसे.
हीच तिची खोड.
अस्माराच्या गार सकाळी एका चावीत सुरू व्हायची
मेम्हिर ओक्बाझ्गींची फियाट सहाशे,
आणि नेफासितहून घाट चढताना
अर्बेरोबूच्या वरच्या वळणावर,
जिथे एक पोरगी निवडुंगाची बोंडं विकत बसते,
तिथेच दोन आचके देऊन मान टाकायची.
अर्धा तास थांबा, पुन्हा सुरू.
जसं काही झालंच नाही.

मेम्हिर म्हणजे गुरुजी. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेले.
वही घेऊनच आले :
तारीख, ऊन की धुकं, किती लिटर, कुठे थांबली.
शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरात,
‘बोंडं सहा.’ ‘बोंडं चार.’ ‘बोंडं सहा.’

टॅक्सीवाला गोइतोम म्हणाला, पेट्रोल उकळतंय,
पंपावर ओलं फडकं बांधा.
बांधलं. फडकं वाळायच्या आत गाडी थांबली.
गुरुजींच्या बायकोचं मत एका शब्दाचं होतं : विका.

एंबाये कुणाचं ऐकत नाही. आधी विचारतो,
ठिणगी नाही की पेट्रोल नाही?
बंद पडल्या पडल्या काढलेला प्लग
गुरुजींनी रुमालात बांधून आणला होता.
कोरडा.
कोरडा प्लग खोटं बोलत नाही.

मग माझी पाळी.
कार्ब्युरेटर तीनदा उघडला, तीनदा धुतला.
जेट डोळ्याशी धरला तर
सुईच्या टोकाएवढ्या भोकात आभाळ दिसलं, स्वच्छ.
पंपाचा पडदा नवा कापून बसवला.
या गाडीची टाकी पुढे, इंजिन मागे;
बसलेल्यांच्या पायांखालून
पेट्रोलला अख्खी गाडी चालत जावं लागतं.
ती नळीही तोंडाने ओढून पाहिली मी.
संध्याकाळी आईने कॉफीचे तीन फेर केले,
तिसऱ्या कपालाही पेट्रोलचाच वास.

बाटली धरून इंजिन फिरवलं :
दर ठोक्याला एक गुळणी, टच्च, टच्च,
पंप ठणठणीत.
एंबायेने हात पुसले. ‘हिवेत, बस गाडीत.
दुखणं घरी येत नसेल तर
आपण त्याच्या घरी जायचं.’

धुकं खालून चढत होतं, आम्ही त्याच्या पुढे.
वळण आलं. आचका. आचका. शांत.
पोरगी टोपली उचलून निघालीसुद्धा आमच्याकडे.
मी पान्हा घेऊन मागे पळाले.
एंबाये पुढे गेला, एकही हत्यार न घेता.
पुढचं झाकड उघडलं, टाकीचं झाकण फिरवलं
आणि गाडीने श्वास घेतला.
खरंच. लांबलचक, आत ओढलेला,
पाण्याखालून वर आलेल्या पोरासारखा.

झाकण पितळी होतं, नवं, आरशासारखं.
‘जुनं कुठाय?’
‘जुन्याला भोक होतं,’ गुरुजी म्हणाले.
‘कूपनावर मिळतं पेट्रोल. वाफ उडून जायची.
लेथवाल्याकडून मुद्दाम बिनभोकाचं करून घेतलं.
दोन वर्षं झाली.’
मग गप्प झाले.
वहीत मागे जाऊन
पहिली तारीख शोधू लागले.

पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी,
नाहीतर टाकीच पंपाला मागे ओढते.
मी म्हटलं, गुरुजी, म्हणजे माणसाचंही असंच
‘पुरे,’ एंबाये म्हणाला. ‘ड्रिल आण.
एक मिलिमीटर. जास्त नको.’

भोक पाडलं. पितळेचा एक बारीक केस
वळून माझ्या मनगटाला चिकटला.
मजुरी एंबायेने फक्त पडद्याची घेतली,
ज्याची गरज नव्हती.

परवा मसावाहून येताना बसमधून पाहिलं :
त्याच वळणावर फियाट उभी,
पुढचं झाकड बंद, इंजिन चालू.
काच खाली करून गुरुजी म्हणत होते, सहा.
पोरगी सोलत होती,
आणि मध्येच सुरी थांबवून
संशयाने ऐकत होती
ती घरघर.