मोजणी

हाय पार्कातल्या टेकडीवर बोगुमिल
घडीची खुर्ची उघडतो,
थर्मासातलं बीटाचं सूप टोपणात ओततो.

टोरांटोत ट्राम चालवायचा. अंगठा अजून
मोजयंत्रावर आपसूक पडतो.

वारा वायव्येचा. दहानंतर
ढगाखाली ठिपके घोटाळू लागतात,
गोल गोल, वर वर,
आणि एकदम दक्षिणेला ओघळतात.
शिक्रे. बाज. टिक टिक टिक.

मी विचारलं, त्या मेपलवरचा धरलात का?
सकाळपासून बसलाय, पिसं फुगवून.
‘नाही,’ दुर्बीण न काढता म्हणाला,
‘जे जातात तेच मोजायचे.’

संध्याकाळी वहीत: एक हजार चारशे बारा.
खुर्ची मिटली.
मेपलखाली थांबून
टोपणातले लाल थेंब झटकले,
आणि वर बघत पोलिशमध्ये काहीतरी बोलला,
मला न कळणारं,
बरंच लांबलचक.