दारफाळणीच्या आदल्या दिवशी

रास्ता पेठेतून चालत आला हानोक पेझारकर,
घड्याळजी, ऐंशीच्या पुढचा.
पंचहौदामागचा माझा जिना चढला
आणि उंबऱ्याशीच थांबला.

"उद्या आमची दारं लागतात.
त्याआधी सांगतो, शांतवन.
तुझ्या बापाच्या घड्याळातलं अस्सल यंत्र
मी काढून विकलं. सत्त्याऐंशी साली.
आत भलतंच बसवलं."

मी म्हणालो, काका,
त्याची भरपाई केव्हाच झालीय, क्रुसावर.
बसा. चहा घ्या.

"चहा घेईन, उपास संध्याकाळी लागतो.
पण घड्याळ येशूचं नव्हतं रे.
देवाचं देवाशी बघतो मी उद्या.
तुझं तुझ्याकडेच मागायला हवं."

दर रविवारी घडाघडा म्हणतो मी
ऋणं सोडल्याचं.
आज जीभ हलेना.
बाबा जाईपर्यंत ते घड्याळ
रोज दहा मिनिटं मागं पडायचं,
आणि बाबा म्हणायचे,
माझीच चावी कमी पडते.

कप पालथा घालून तो उठला.
"तीनदा विचारायचं असतं.
हे एक झालं."

जिन्याची खालची पायरी तुटकी आहे.
मी पुढे होऊन त्याला हात दिला.
तेवढंच.