टरफल

डिसेंबरात अकरापर्यंत अंधारच,
आइसलँडच्या या टोकाला.
सोलरून दिवा लावते. डबीचं झाकण उघडत नाही:
औषध बोटांच्या दुखण्याचं,
आणि उघडायला धड बोटं हवीत.
शेवटी दाराच्या फटीत धरून फिरवते.

दोन गोळ्या. चमचाभर माशाचं तेल, नाक दाबून.

डबीवर बारीक अक्षरांत लिहिलंय:
कोळंबीच्या टरफलांपासून.
एकतीस वर्षं धक्क्यावरच्या कारखान्यात
ती कोळंबीच सोलत होती, बर्फाच्या पाण्यात,
टरफलं बुटाने खाडीत लोटत.

"गुण येतो का?" खालून एइनार विचारतो.
"तीन महिने झाले," ती म्हणते,
"जिना तेवढाच आहे."

तरी उद्याच्या दोन
ती आजच काढून ठेवते बशीत,
आणि झाकण
नुसतंच टेकवते डबीवर.