उताराकडे तोंड करून

गरम झाली की ही पुन्हा सुरू होत नसे.
पहाटे, काचेवर दव गोठलेलं असताना
एका किल्लीत उठायची.
पण पेट्रोल भरायला थांबलं, इंजिन बंद केलं
की संपलं.
स्टार्टर नुसता घरघरणार
आणि मागचा ट्रकवाला हॉर्न न वाजवता
समजूतदारपणे बघत बसणार.
त्यापेक्षा हॉर्न परवडला.

म्हणून मी ती उतारावरच लावायची.
डनेडिनमध्ये उतारांची ददात नाही.
हँडब्रेक सोडायचा, दुसरा गिअर, क्लच,
अर्ध्या गल्लीत एक आचका,
निळा धूर,
आणि ती अशी चालायला लागायची
जणू झोपलीच नव्हती.

चौऱ्याऐंशी सालची माझदा.
हिच्या पोटात पिस्टन नाहीत.
फुगल्या बाजूंचे दोन त्रिकोण फिरतात
आणि त्यांच्या टोकाटोकाला एकेक पट्टी,
भिंतीला घासत जाणारी, जन्मभर.
तेल गळत नाही, पिते.
तशीच बनवली आहे तिला.
टाकीत मी टू-स्ट्रोकचं तेल ओतते,
मुलाच्या जुन्या दुधाच्या बाटलीने मोजून.
पंपावरचा पोरगा विचारतो,
गवत कापायचं मशीन आहे का घरी?
आहे, म्हणते.

स्प्रिंगा बदलल्या. कार्ब्युरेटर बदलला.
पुढचे ब्रेक नंतरच्या मॉडेलचे.
दर सहा महिन्यांनी लोसा टॉर्च घेऊन खाली शिरते,
गंज दिसेल तिथे बोटाने टकटक करते,
हे काय, म्हणते, आणि ह्याचा कागद?
कागद असतो. कागदांची फाइल
आता गाडीपेक्षा जड झाली आहे.
उजवा हेडलाइट मात्र अजून
डाव्याच्या मागून, आळसावून उघडतो.
त्याची नवी मोटर चार वर्षं खणात पडून आहे.
तेवढं मी करणार नाही.

जुलैत, हात बधिर करणाऱ्या थंडीत,
इंजिन उतरवलं.
पट्ट्या पुसल्या, मापल्या.
साडेआठ मिलिमीटरच्या
सातही भरेनात.
चंदनासारखी झिजली वगैरे म्हणवत नाही,
वास जळक्या तेलाचा होता.
पण तो दीड मिलिमीटर कुठे गेला असेल
ते मला माहीत होतं.
ह्याच गावात, चढाचढावर, थोडा थोडा.

गाडीबरोबर मर्डोने मला त्याची वही दिली होती.
पेन्सिलीने तारखा, मैल, प्लग, फिल्टर,
आणि समासात रस्त्यांची नावं:
कॅनाँगेट.
स्टुअर्ट स्ट्रीट, वरची बाजू.
लायब्ररीजवळ नको.
मला वाटायचं म्हाताऱ्याची कामं असतील,
कुणाकडे जाणंयेणं असेल.
त्या रात्री गॅरेजमध्ये, हीटरसमोर,
मी ती नावं पुन्हा वाचली.
सहा वर्षांची नावं.
एकही रस्ता सपाट नव्हता.

विकताना म्हणाला होता, दुखणं काही नाही हिला.
डोळ्याला डोळा देऊन म्हणाला होता.

नव्या पट्ट्या बसवल्या. पहिले हजार मैल
कासवासारखी चालवली, मागच्यांच्या शिव्या खात.
मग एका रविवारी सेंट किल्डाला गेले,
समुद्राकाठी, जिथे जमीन तव्यासारखी आहे
आणि जिथे मर्डो आता मुलीकडे राहतो.
चांगली तास-दीड तास पळवून, तापवून नेली.
त्याच्या दारात उभी केली
आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

‘अगं, बंद कशाला केलीस!’
तो दारातूनच ओरडला.

मग गप्प झाला.
मीही.
बॉनेटखाली तापलेलं लोखंड टिक टिक करत होतं.

मी उतरले, दार उघडंच ठेवलं,
किल्ली त्याच्या हातात दिली.
तो हळूहळू, गुडघ्यांची समजूत काढत
आत बसला.
आधी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं,
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मग सवयीने
हात हँडब्रेककडे नेला.