दोन बोटं माती

सालदुसच्या बाजारात शनिवारी
माझं टेबल चर्चच्या भिंतीला लागून असतं,
मधवालीच्या पलीकडे.
रोपं मी वर्तमानपत्रात गुंडाळून देते.
सल्ला फुकट.

इमांत्स आला तो मे महिन्यात.
खिशातून सुताराची घडीची पट्टी डोकावत होती.
म्हणाला, खड्डा तयार आहे.
दीड हात खोल, दीड हात रुंद,
फाटकाजवळ, जुना पंप काढला तिथे.
आता त्यात काय घालू?

लोक आधी झाड घेतात
आणि मग जागा शोधत अंगणभर फिरतात.
याचं उलटंच.
याच्या घरी झाडांचं सगळं वेल्ता बघायची.
ती नोव्हेंबरात गेली, हे बाजाराला ठाऊक.
मधवालीने एक बरणी पुसायला घेतली होती,
ती पुसतच राहिली.

मी दोन पिशव्या पुढे सरकवल्या.

ही पिओनी.
हिचं मूळ म्हणजे रताळ्यांचा घोस,
वर हे लालसर डोळे.
पहिलं वर्ष रुसते.
दुसऱ्या वर्षी नुसती बघते तुझ्याकडे.
तिसऱ्या जूनला एखादं फूल देईल, तेही उपकार केल्यासारखं.
पण बसली की बसली.
रेल्वे फाटकवाल्याचं घर पाडलं,
पुढे रूळही उचलून नेले,
त्याच्या दारची पिओनी अजून गवतात फुलते,
जशी काही सव्वानऊची गाडी यायचीय.
फक्त हिला हलवायचं नाही.

आणि हा फ्लॉक्स.
लावलास की याच ऑगस्टात फूल.
संध्याकाळी वास सुटतो तो कुंपण ओलांडून
शेजाऱ्याच्या सुपात जाऊन पडतो.
पानांवर भुरी येते, आधीच सांगून ठेवते.
दर चार वर्षांनी उपटायचा,
फावड्याने तुकडे करायचे, वाटून टाकायचे,
नाहीतर मधोमध टक्कल पडतं.

"कमी मरतं ते कुठलं?"

आपणहून दोन्ही मरत नाहीत, मी म्हटलं,
माणसं खणतात.

त्याने पट्टी उघडली, मिटली.
ईवेता ऑगस्टात येते, म्हणाला, दहा दिवस.
स्टावांगरला मासे डब्यात भरते.
जूनमध्ये कारखाना सोडत नाही,
यानीच्या रात्रीलासुद्धा नाही.

मग प्रश्नच मिटला.
साडेतीन युरो, सुट्टे, मोजून.
पिओनी मी परत टेबलाखाली ठेवली.

सप्टेंबरात पुन्हा उभा.
फुलला का?
फुलला. गुलाबी निघाला, तू पांढरा म्हणाली होतीस.
ईवेता रोज रात्री खुर्ची घेऊन तिथे बसायची.
जाताना एक तुकडा फावड्याने तोडला,
माझ्या ओल्या मोज्यात गुंडाळला
आणि बॅगेत घालून घेऊन गेली.

अरे, चार वर्षं थांबायचं असतं!
तिला कुठे थांबायचंय, तो म्हणाला.
आता ती दुसरी दे.

आणि खड्डा?
अजून एक खणलाय. खिडकीसमोर.

जूनमध्ये तिथे बघायला असतं कोण,
मी बोलून गेले,
आणि जीभ चावली.
मधवालीने माझ्याकडे असं पाहिलं
की आठवडाभर मला मध गोड लागला नाही.

"मी असतो की,"
इमांत्स म्हणाला.
रागाने नाही. वेळ विचारल्यावर सांगावी तसं.

मग मी नुसतं कामाचं बोलले.
खत मुळाला टेकवू नकोस.
आणि खोल पुरू नकोस, सगळे तिथेच चुकतात,
माया म्हणून माती लोटत राहतात,
मग नुसती पानं, वर्षानुवर्षं पानं.
डोळ्यांवर दोन बोटं माती. बास.

कुणाची बोटं, त्याने विचारलं.

मी हात पुढे केला.
त्याने पट्टी उघडून माझ्या दोन बोटांना आडवी लावली,
चष्मा वर करून वाचलं,
साडेतीन सेंटिमीटर,
आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहून घेतलं.